घरचं काम काढताय? आधी हे कागद काढा

घराचं काम काढायचं ठरलं की पहिली चर्चा लाद्यांच्या रंगावर होते, दुसरी ओट्याच्या दगडावर. परवानगीचा विषय निघतो तो वाळूचा टेम्पो वॉचमनने गेटवर अडवला की. आमच्याकडेही तसंच झालं. मुलुंडची चार मजली सोसायटी, १९८६ ची इमारत, लिफ्ट नाही, आणि जमेल तेवढं स्वतःच्या हाताने करायची खाज असलेला मी. ही तयारी मला ज्या क्रमाने करायला हवी होती, त्या क्रमाने इथे लिहितोय.

आधी मंजूर नकाशा मिळवा. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेतला नव्हे, महापालिकेचा शिक्का असलेला, भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याच्या, वेळचा. सोसायटीच्या कपाटात तो बहुधा असतो, फक्त कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधावं लागतं. तिथे नसेल तर महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून हे काम दिवाळीच्या आदल्या महिन्यात सुरू करू नका. इमारत नवी आणि महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदलेली असेल तर मंजुरीचे कागद त्यांच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. नकाशा हाती आला की एक संध्याकाळ टेप घेऊन घरभर फिरा. फ्लॅट दुसऱ्याकडून घेतला असेल तर हे चुकवूच नका. आधीच्या मालकाने फुलझाडांचा कट्टा खोलीत घेतलेला असतो, गॅलरी बेडरूममध्ये गेलेली असते, आणि उद्या नोटीस आली तर ती आज त्या घरात राहणाऱ्याच्या दारावर लागते.

मग कागदावर उभी रेघ मारून कामांचे दोन भाग करा, परवानगी लागणारी आणि न लागणारी. मुंबईत हा निवाडा १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४२ वर होतो. त्यात टेनंटेबल रिपेअर्स, म्हणजे राहत्या घराच्या साध्या दुरुस्त्या, पूर्वसूचनेतून वगळल्या आहेत. प्लास्टर, रंग, लाद्या बदलणं, संडास-बाथरूम-मोरीची दुरुस्ती, नळ आणि ड्रेनेजचे पाइप बदलणं, आहे तेच साहित्य वापरून छप्पर बदलणं ही कामं त्यात येतात. त्यात काय बसत नाही, तेही तिथेच सांगितलंय. बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा इतर भाग काढणं अथवा बदलणं, जमीन खाली घेणं, आणि माळा नव्याने घालणं किंवा असलेला वाढवणं. हो, माळासुद्धा! सामानासाठी चार फुटांचा माळा काढताना मुंबईत किती जणांनी वॉर्ड ऑफिसची पायरी चढली असेल, तो विषय न काढलेलाच बरा.

मुंबईबाहेर, ठाणे-पुणे-नाशिकला, १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ४३ बघा. देखभालीची, सुधारणेची जी कामं फक्त इमारतीच्या आतल्या भागाला लागू आहेत किंवा बाहेरच्या रूपात फारसा फरक करत नाहीत, त्यांना या कलमाखाली नियोजन परवानगी लागत नाही. वारसा इमारती आणि वारसा परिसर मात्र यातून बाहेर आहेत. मुंबईतही गिरगावात, फोर्टात किंवा दादर-माटुंग्याच्या जुन्या भागात घर असेल तर इमारत वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत आहे, हे खिडकीची चौकट उचकटण्याआधी विचारून घ्या. विनापरवाना बांधकामाला याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये कैदेची तरतूद आहे, आणि पाडापाडी वेगळीच.

पुढचा कागद सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे बाय-लॉजप्रमाणे, फ्लॅटमध्ये भर घालायला किंवा फेरबदल करायला कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते. जिन्यात भेटलेल्या सेक्रेटरींनी ‘करा हो, काय हरकत आहे’ म्हटलं, ही परवानगी नव्हे. अर्जात ‘घराचे नूतनीकरण’ एवढंच मोघम न लिहिता खोलीवार लिहा: कुठली लादी निघणार, कुठला नळ हलणार, कामाच्या वेळा काय, माणसं किती, राडारोडा कुठे ठेवणार. अनामत रक्कम भरलीत तर पावतीवर ‘परत करण्यायोग्य’ हे शब्द लिहून घ्या. आणि एक गैरसमज डोक्यातून काढा. सोसायटीचं पत्र महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही, आणि महापालिकेची परवानगी सोसायटीच्या पत्राची.

घरावर कर्ज असेल तर करारनाम्यातलं फेरबदलांचं कलम वाचून ठेवा. ताबा मिळून पाच वर्षं व्हायची असतील तर ठेकेदाराआधी बिल्डरला पत्र जाऊ द्या. रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं त्याच्यावर असते, आणि तुम्ही तोडफोड केलीत की दोष कुणाचा यावर वाद घालायला त्याला आयतं निमित्त मिळतं. पागडीच्या घरात असाल तर मालकाची लेखी संमती. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम करणं हे घर खाली करायला लावण्याचं एक कारण आहे. लाकडी पार्टिशन, दरवाजा, स्वयंपाकाचा ओटा हे कायमच्या बांधकामात धरत नाहीत, पण महापालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती घ्यायचीच. आणि तरीही कागद असलेला बरा.

आता भिंत. टिचकी मारून आवाज पोकळ आला म्हणजे भिंत पाडण्याजोगी, हा गवंड्यांचा आवडता सिद्धांत आहे. तो ऐकू नका. आमच्यासारख्या कॉलम-बीमच्या इमारतीत चार इंचाची विटांची भिंत फक्त आडोसा असते, पण जुन्या लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभ्या असलेल्या, इमारतीत तीच भिंत वरचा मजला पेलत असू शकते. अलीकडच्या उंच टॉवरांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे ॲल्युमिनियमचे साचे लावून, बोलीभाषेत ‘मायवान’, भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. बेडरूमची साधी दिसणारी भिंतही सळईची, भार पेलणारी निघते. तिच्यात दरवाजा पाडणं सोडाच, वायरसाठी खोल झिरी मारणंही चूक. बीम आणि कॉलमला तर कुठल्याच इमारतीत हात लावायचा नाही. एसीचा पाइप न्यायला ‘फक्त दोन इंचाचं भोक’ म्हणतात, तेही नाही. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसं गेली. त्या वेळी तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं, आणि त्यात इमारतीच्या आधारांना धक्का लावल्याचा आरोप झाला. म्हणून भिंत पाडायची असेल तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, मंजूर नकाशा समोर ठेवा आणि त्याचं मत सही-शिक्क्यासह घ्या. इमारत तिशी ओलांडलेली असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असायला हवा. तो आधी मागून वाचा. आमच्या अहवालात आमच्याच मोरीखालच्या स्लॅबची सळई उघडी पडल्याची नोंद होती, आणि मी तिथेच नवं वॉशिंग मशीन ठेवायला निघालो होतो.

बाथरूमवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जागच्या जागी फरशी आणि पाइप बदलणं दुरुस्तीत मोडतं. संडास-बाथरूमची जागाच बदलणं हे निराळं प्रकरण. मुंबईच्या विकास नियमावलीत संडास आणि बाथरूम खालच्या मजल्याच्या संडास-मोरीवरच असावं असा नियम आहे, दुसऱ्या खोलीवर आलं तर जमीन पूर्ण जलाभेद्य हवी. खालच्यांच्या देवघरावर आपला संडास नेण्याची कल्पना कागदावर कितीही सुटसुटीत दिसली तरी सोडून द्या. आणि गळतीचा खर्च कुणाचा, याची वाटणी उपविधींमध्ये आहे. बाहेरच्या सामाईक पाइपची आणि पावसाची गळती सोसायटीची, संडास-सिंकपासूनची आतली गळती सभासदाची.

मी वॉटरप्रूफिंगनंतर लादी बसवायची घाई करणार होतो. खालच्या काकूंना सांगायला गेलो, की दोन दिवस पाणी भरून ठेवतोय, तुमच्या छताकडे जरा लक्ष ठेवा. काकू म्हणाल्या, “लक्ष ठेवीन रे, पण आधी तो ट्यूबलाइटपाशीचा डाग बघून जा, तो जुना आहे. नाहीतर उद्या तुझ्या नावावर जाईल.” डागाभोवती आम्ही पेन्सिलने रेघ ओढली, तारीख घातली. ठेकेदार म्हणत होता एक दिवस पुरे. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघेच्या बाहेर तळहाताएवढी ओल आली. लादी बसली असती तर ती ओल महिनाभराने दिसली असती आणि सगळं पुन्हा फोडावं लागलं असतं.

विजेच्या बाबतीत माझ्यासारख्या हौशी लोकांनी हात आखडता घ्यावा, कारण नियम अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणं, तीही मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता, एवढंच आपल्याला आपल्या हाताने बदलता येतं. नवी वायर ओढणं, नवा पॉइंट काढणं, मेन बोर्ड हलवणं ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून. वायरमनचा परवाना बघायला मागण्यात संकोच कसला? रिक्षावाल्याचा बॅज दिसतोच की आपल्याला. दोन एसी आणि इंडक्शन शेगडी येणार असेल तर आधी बिलावरचा मंजूर भार वाचा आणि वाढवायचा अर्ज वीज कंपनीकडे द्या. मुलुंड-भांडुपला महावितरण, शहरात बेस्ट, बाकी उपनगरांत अदानी किंवा टाटा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्या, आणि काम संपल्यावर ठेकेदाराकडून चाचणी अहवाल. मीटर आणि त्याचं सील कंपनीचं आहे, त्याला बोटही लावू नका.

पाइप गॅस असेल तर तोच न्याय. ओटा सरकणार असेल तर गॅस कंपनीला कळवा आणि त्यांच्या माणसांकडून पाइप हलवून घ्या. फर्निचरवाला तो पाइप कपाटामागे बंदिस्त करायला बघतो, त्याला तिथेच थांबवा.

राडारोड्याची सोय पहिला घाव पडण्याआधी लावा. तो नाल्यात, फुटपाथवर किंवा रात्री खाडीकाठी टाकणं बेकायदा आहे, आणि टेम्पोवाला ‘टाकतो कुठेतरी’ म्हणाला तर ते कुठेतरी म्हणजे बहुधा हेच. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, तिथे आधी नोंदवा. गोण्या अर्ध्याच भरा, चार मजले उतरवणाऱ्या माणसाला पाठ आहे. आवाजाचं म्हणाल तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ब्रेकर चालू झाला की ती कुणालाच आठवत नाही. दुपारची वेळ सोडा, आणि बारावीचा मुलगा कुठल्या मजल्यावर आहे ते विचारून घ्या.

शेवटचं काम मोबाइलचं. प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, झिऱ्या, पाइप, वायरींची नळी सगळं दिसेल असा, आणि भिंतीला टेप लावून, म्हणजे जमिनीपासून किती इंचावर काय गेलंय ते वाचता येईल. परवानग्या, पावत्या, चाचणी अहवाल आणि हे फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा. आमची फाइल मीटरच्या खाली खिळ्याला टांगलेली आहे. परवा गीझरवाल्याने भिंतीवर ड्रिल टेकवलं, तेव्हा बायकोने त्याला आधी तिसऱ्या पानावरचा फोटो दाखवला.