जुनी फियाट घेताय? आधी छताचं अस्तर उचला

'१९७२ ची फियाट डिलाइट, ऑल ओरिजिनल.' अशी गाडी बघायला टॉर्च, लोहचुंबक, छोटा आरसा, पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन दिवसाउजेडी जा. नुकती धुतलेली गाडी बघू नका. ओल्या रंगात सगळं झाकून जातं.

आधी आरसी. कुर्ल्याच्या कारखान्यात डिलाइट १९६४ ला सुरू झाली, याच गाडीचं पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. वर्ष इथेच जुळलं पाहिजे. १९७२ च्या गाडीवर एमएच नंबर दिसला तर कारण विचारा, कारण ती मालिका १९८९ ची. दुसऱ्या राज्यातून आली असेल तर कागद मागा.

इंजिन बदललंय आणि आरसीवर तशी नोंद आहे? मी नाक मुरडत नाही. पण डिलाइटमध्ये डिझेल इंजिन बसवलं असेल तर पुढचं बघूच नका. जाळी, बिल्ले, बंपर यांवर वेळ घालवू नका, ते बाजारात मिळतात.

आता चेसिस नंबर. मी फसलो तो इथे.

या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नसतेच. पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस, आणि नंबर त्याच पत्र्यावर ठोकलेला. त्यामुळे कुजलेल्या डिलाइटमधून नंबरापुरता तुकडा कापून धडधाकट पद्मिनीत वेल्डिंगने बसवता येतो. 'पेन्सिल घासून छाप घ्या, आरसीशी जुळवा, झालं' असं सांगणारे भेटतील. मी तेच केलं होतं. अंकन् अंक जुळला, पैसे मोजले. पहिल्याच पावसाळ्यात नंबराभोवती गंजाची चौकट उमटली. मग छताचं अस्तर उचललं, तर आत पिवळा रंग! डाव्या अंगाला मीटरची भोकं लांबी (पुटी) भरून बुजवलेली. माझी 'डिलाइट' मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी निघाली. आरसी खरी, नंबरही खरा, गाडी मात्र दुसरीच.

म्हणून नंबर वाचण्याआधी त्याच्या भोवतीचा पत्रा वाचा. पत्र्याच्या मागून बोट फिरवा, बोट पोचत नसेल तिथे आरसा धरा. वेल्डिंगची कड, ग्राइंडरचे ओरखडे, तेवढ्याच जागी जाड रंग, यातलं एक जरी सापडलं तरी सौदा थांबवा. अंकांची ओळ थोडी वाकडी आहे, एवढ्यावरून मात्र नंबर खोटा ठरवू नका. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. थोडी लांबी पन्नास वर्षांच्या गाडीत असायचीच, नंबराजवळ नको.

मग पहिला रंग शोधा. तो अस्तराच्या कडेला, डिकीच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे राहतो. पेंटर तिथे कष्ट घेत नाहीत. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात थांबली. त्याआधी कित्येक वर्षं त्या मोडीत निघत होत्या, आणि सगळ्याच भंगारात गेल्या असं समजू नका.

२०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा, नंबर मिळतो, पण सांगाडा आणि इंजिन मुळातलं हवं. विकणारा तेच आमिष दाखवेल. दाखवू दे.

गाडी चालवून बघणं सगळ्यात शेवटी, कारण एकदा स्टिअरिंगजवळचा हँड गिअर हातात आला की माणूस दोष बघत नाही. आणि मालक अस्तराला हात लावू देत नसेल, तर चहा प्या आणि निघा.