गाठींतला नायट्रिक ऑक्साइड मोजायला बसण्याआधी

शेंगवर्गीय पिकं आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र बांधणारे रायझोबियम जिवाणू यांच्या सहजीवनावर काम सुरू करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा: नायट्रिक ऑक्साइड गाठीला उपकारक की मारक? ते वेळेवर ठरतं. मेडिकॅगो ट्रंकॅटुला हे प्रयोगातलं शेंगवर्गीय रोप आणि सायनोरायझोबियम मेलिलोटी हा त्याचा जिवाणू, या जोडीत सुरुवातीलाच हा वायू शोषून घेतला तर गाठी उशिरा धरतात. पक्व गाठीत मात्र तो नत्र बांधणाऱ्या नायट्रोजनेज विकराला रोखतो, ऑक्सिजन वाहणाऱ्या गुलाबी लेगहिमोग्लोबिनला चिकटून बसतो. त्याला निकामी करणारं एचएमपी प्रथिन जिवाणूत नसेल तर गाठ अकाली म्हातारी होते. त्यामुळे संसर्गानंतरचा दिवस आणि गाठीचा भाग वहीत नसेल, तर मोजमाप फुकट.

रोपांचं काम सोपं आहे. बी तीव्र गंधकाम्लात ५ ते ८ मिनिटं, मग गार निर्जंतुक पाण्याने अनेकदा धुणं, अंधारात ४ अंशांवर दोन दिवस. माध्यम नत्रविरहित हवं. तीन आठवड्यांनी गाठ कापल्यावर आत गुलाबी दिसली पाहिजे. पांढरी असेल तर ती नत्र बांधत नाही. माध्यमात किंवा पाण्यात नायट्रेट शिरलंय का आणि जिवाणू तोच आहे का, हे आधी पाहा.

खरी फसगत चकाकणाऱ्या रंगात होते. नायट्रिक ऑक्साइड दाखवणारा रंग डाफ-एफएम डायॲसिटेट १० मायक्रोमोलर, ८० ते १०० मायक्रॉनचे काप, अंधारात अर्धा तास. काप हिरवे दिसले की लोक खूश! पण हा रंग थेट नायट्रिक ऑक्साइडशी जोडला जात नाही, त्याच्या ऑक्सिजनशी झालेल्या संयुगाशी जोडला जातो. अखंड गाठीच्या आत ऑक्सिजन नावापुरताच असतो. काप घेताच हवा शिरते आणि जखमेमुळेही वायू तयार होतो. त्यात नायट्रिक ऑक्साइड शोषणारं सीपीटीआयओ घातल्यावर चकाकी विझायच्या ऐवजी कधी वाढते, कारण त्या अभिक्रियेतून नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. म्हणून रंगाविना काप आणि सीपीटीआयओचा काप सोबत हवेतच, आणि निष्कर्षाला दुसऱ्या पद्धतीचा आधार हवा.

बाहेरून वायू द्यायचा असेल तर सोडियम नायट्रोप्रुसाइड स्वस्त पडतं, पण ते सायनाइडही सोडतं. परिणाम कुणाचा, हे मग कसं ठरवणार? त्यापेक्षा डीईए-नोनोएट हे वायू सोडणारं रसायन बरं. त्याचं मूळ द्रावण १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, बर्फावर ठेवा, ७.४ सामूच्या द्रावणात २२ अंशांवर त्याचं अर्धायुष्य जेमतेम १६ मिनिटं असतं.

नत्रबंधन मोजताना गाठी मुळापासून तोडू नका. नायट्रोजनेज ॲसिटिलीनचं इथिलीन करतो, त्या वेगावरून हे मोजतात; ॲसिटिलीन १० टक्के ठेवा आणि सुरुवातीच्या मिनिटांतलेच आकडे धरा. बऱ्याच झाडांत ॲसिटिलीनमुळेच वेग घसरत जातो.

आपल्याकडच्या सोयाबीनला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिची गाठ गोल असते, मेडिकॅगोसारखे टोकापासून बुडापर्यंतचे पट्टे तिच्यात नसतात. शिवाय तिच्या गाठीतला ब्रॅडीरायझोबियम जिवाणू स्वतःच नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड बनवू शकतो. शेतात पाणी साचलं आणि मातीत नायट्रेट असलं की हा वायू वाढतो. तिथे पाणी साचणं आणि नायट्रेट, दोन्हींची वेगवेगळी तुकडी ठेवा आणि एनएपीए हे नायट्रेट वापरण्याचं जनुक बंद केलेला जिवाणू तुलनेला घ्या.