शेतकरी बाजारात खरेदी करताना या चुका टाळा

शेतकरी बाजारातून हौसेने आणलेली पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकते, टोमॅटो बेचव लागतात, द्राक्षं कितीही दिवस ठेवली तरी आंबटच राहतात. मग ‘तिथेही आता फसवतात’ म्हणत माणूस पुन्हा दुकानाची वाट धरतो. फसवणूक होतच नाही असं नाही. पण बऱ्याचदा माल चांगला असतो आणि घोळ निवडताना, नेताना किंवा घरी ठेवताना झालेला असतो.

यादी घट्ट धरून जाणं

दुकानात यादी चालते, कारण तिथे कुठून ना कुठून बाराही महिने माल येतच असतो. इथे त्या आठवड्यात शेतात जे निघालं तेवढंच मिळतं. यादीत भेंडी आहे आणि तिचा बहर सरलाय, तर मिळेल ती निबर. टोक मोडून पाहा: कोवळी भेंडी कट्कन मोडते, जून झालेली नुसती वाकते. वाकली तर सोडून द्या आणि ज्याचा ढीग लागलाय त्याकडे वळा. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा, पिशवी नंतर उघडा.

‘ताजं आहे ना?’ असं विचारणं

याला ‘नाही’ असं उत्तर कोण देणार? त्यापेक्षा विचारा: कधी काढलं? अजून किती दिवस येईल? यंदा पीक कसं आहे? स्वतः पिकवणारा अशा प्रश्नांनी खुलतो, पावसाने काय नासवलं तेही सांगून टाकतो. घाऊक बाजारातून माल उचलून आणणारा गुळमुळीत बोलतो. त्याच्याकडे एकाच वेळी वेगवेगळ्या हंगामांची फळं असतात, फळांवर स्टिकर आणि टेबलाखाली छापील खोकी. व्यापार करणं हा काही गुन्हा नाही, पण मग ‘थेट शेतातून’ म्हणून जास्तीचा भाव कशाला मोजायचा?

विक्रेत्याइतकंच मालाकडूनही कळतं. कोबीचा किंवा जुडीचा कापलेला बुंधा पाहा. नुकता कापलेला पांढरट आणि ओलसर असतो, शिळा तपकिरी आणि सुकलेला. बुंधा पुन्हा छाटून ताजा करता येतो, म्हणून कोबीची बाहेरची पानंही बघायची. ती हिरवीगार आणि जाड असतील तर ठीक. रोज एकेक पान सोलून विकायला ठेवलेला गड्डा पांढुरका आणि लहान होत जातो. पाणी मारून टवटवीत केलेली जुडी मधून उकलून पाहा, कारण सड आतूनच सुरू होते.

उलटही घडतं. द्राक्षांवरचा एकसारखा धुरकट थर औषधाचा समजून लोक चकचकीत घड निवडतात. तो थर फळाचं स्वतःचं मेण असतं आणि बोट लागलं तरी पुसलं जातं. म्हणजे तो शाबूत असलेला घड कमी हाताळलेला! फवारणीचे डाग बहुधा थेंबांसारखे किंवा ओघळांसारखे दिसतात. धुवायचं मात्र दोन्ही.

आणि किडकं पान म्हणजे सेंद्रिय, हा गैरसमज सोडा. फवारूनही कीड राहते, आणि सेंद्रिय शेतीतही काही फवारण्या चालतात. दावा असेल तर प्रमाणपत्र मागा, नाहीतर काय फवारलं ते सरळ विचारा.

बाजार उठताना स्वस्तात भरपूर घेणं

कांदे-बटाट्यांना चालेल. दिवसभर उन्हात बसलेल्या पालेभाजीला नाही. दूध, पनीर, मासे शेवटी घ्या आणि बर्फाच्या डब्यात न्या. 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, पारा 32 च्या वर असेल तर एकच तास. उन्हात उभ्या गाडीत त्याहूनही कमी.

घरी आल्यावर सगळं फ्रिजमध्ये कोंबणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. साधारण 12 अंशांखाली टोमॅटोचा सुगंध तयार होणं मंदावतं आणि चव पाणचट लागते. टोमॅटो बाहेरच ठेवा. अगदीच पिकले तर फ्रिजमध्ये, आणि खाण्याआधी काही वेळ बाहेर काढा. मक्याच्या कणसाचं नेमकं उलटं. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च होत राहतो, उष्ण हवेत तर फार वेगाने. कणसं थंडाव्यात ठेवा, त्याच दिवशी खाल्लीत तर उत्तम.

गाजर, मुळा, बीट पाल्यासकट ठेवलं की पाला कंदातलं पाणी ओढतो. आल्या आल्या पाला काढून वेगळा ठेवा. गाजर लिबलिबीत झालंच असेल तर तासभर थंड पाण्यात बुडवा, बरंचसं कडक होतं. कोथिंबीर ओली ठेवू नका, कोरड्या कापडात गुंडाळा. पालेभाजी पिवळी पडत असेल तर शेजारी केळी किंवा सफरचंद आहे का ते बघा. ही फळं इथिलिन वायू सोडतात आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. बटाटे अंधारात ठेवा, उजेडात ते हिरवे होऊन कडवट आणि अपायकारक होतात.

आंबटच राहणाऱ्या द्राक्षांचं कारण साधं आहे. द्राक्षं, संत्री, डाळिंब, स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाहीत. ती तिथेच चाखून घ्या, ‘घरी पिकतील’ यावर जाऊ नका. केळी, पपई, पेरू मात्र घरी पिकतात. ती एकाच टप्प्यावरची न घेता थोडी पिकलेली, थोडी कच्ची घ्या.

राहता राहिला मध. तो रवाळ झाला की साखर मिसळली म्हणून लोक भांडायला जातात. खरा मधही रवाळ होतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. पाण्यात थेंब सोडून किंवा मधाची वात पेटवून भेसळ ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.