सांगलीत खोली घेऊन शिकताना महिन्याचा खर्च कसा बसवावा

घरून येणाऱ्या रकमेतून प्रथम खोलीभाडे, मेस आणि मोबाइलचे रिचार्ज हे न टळणारे खर्च वजा करावेत. समजा, त्यानंतर २,००० रुपये उरले, तर दर आठवड्याला ४५० रुपये वापरावेत आणि २०० रुपये महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी राखावेत, कारण चार आठवड्यांत महिना संपत नाही.

सर्वाधिक चौकशी मेसची करावी. विश्रामबागेत मेस ठरवताना बहुतेक जण केवळ दर विचारतात; परंतु खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची वजावट, सलग किती दिवसांचा धरतात, तो किती आधी कळवावा लागतो आणि रविवारी रात्री जेवण मिळते का, यांवरच प्रत्यक्ष खर्च ठरतो. दर शनिवारी जतला किंवा आटपाडीला घरी जाणाऱ्याने दोन दिवसांचा खाडा न धरणारी मेस, ती स्वस्त दिसली तरी, टाळलेली बरी.

तासगावसारख्या जवळच्या गावातून येणाऱ्याने खोली घेण्यापूर्वी एसटीच्या मासिक पासाचा हिशेब करावा. विद्यार्थ्यांना त्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज केला असला, तरी रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती अंदाजपत्रकात धरू नये, आणि जमा झाल्यावर तिच्यातून प्रथम परीक्षा शुल्क व पुस्तकांचे पैसे वेगळे काढावेत.

यूपीआयने दिलेले चहा-वडापावचे पैसे सहसा लक्षात राहत नाहीत. त्यामुळे आठवड्याची रक्कम रोखीनेच काढावी.