मक्याची धसकटं जाळू नका, गव्हाआधी रानातच कुजवा

निफाड-येवल्याकडं मका निघाला की गव्हाची घाई, म्हणून लोक सरळ काडी लावतात अन् मग शेणखत विकत आणतात, जीव तुटतो बघून.

१) ताटं हिरवट असतानाच रोटाव्हेटर मारा, बोटभर तुकडे झाले पाहिजेत.

२) माप उसाच्या पाचटाला (वाळल्या पाल्याला) वापरतात तेच, टनभर काडीकचऱ्याला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट फेकायचं आणि १ किलो पाचट कुजवायचं जिवाणू कल्चर शेणकाल्यात कालवून वरून शिंपडायचं, फक्त युरिया अन् कल्चर एकाच बादलीत नको.

३) हलकं पाणी द्या, ओल टिकली तरच कुजतं.

पेरणी तीनेक आठवड्यांनीच करा, लगेच पेरलं तर कुजणारा काडीकचरा जमिनीतलं नत्र ओढतो आणि कोवळा गहू पिवळा पडतो.