वायफायची किल्ली आणि सिग्नलची टक्केवारी: सॉफ्टवेअरमध्ये हिशेब कसा मांडावा

वायफायची जोडणी करून देणारे किंवा तिची स्थिती दाखवणारे सॉफ्टवेअर लिहिताना दोन रूपांतरे हमखास करावी लागतात. माणसाने टाइप केलेल्या पासवर्डमधून २५६ बिटांची किल्ली काढणे हे पहिले, आणि रेडिओने कळवलेला डीबीएममधील (सिग्नलची शक्ती सांगणाऱ्या एककातील) आकडा पडद्यावरच्या टक्क्यांत किंवा दांड्यांत बसवणे हे दुसरे. पहिल्याचा नियम मानकाने बांधून दिलेला असल्यामुळे उत्तर अचूक येते किंवा पूर्णपणे चुकते. दुसऱ्याचा नियम मात्र प्रत्येक प्रणालीने आपापल्या सोयीने ठरवलेला आहे, आणि म्हणूनच तेथील चूक बराच काळ कोणाच्या लक्षात येत नाही.

डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतींच्या घरगुती वापराच्या प्रकारात पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो व त्यातील प्रत्येक अक्षर आस्की या रोमन अक्षरांच्या क्रमांकित संचातील ३२ ते १२६ या क्रमांकांपैकी असावे लागते. पासवर्डमधून किल्ली काढणाऱ्या पीबीकेडीएफ२ या फंक्शनला एचमॅक-शा१ या हॅश पद्धतीसोबत हा पासवर्ड द्यावा, सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचा मजकूर) म्हणून नेटवर्कचे नाव द्यावे, फेऱ्या ४०९६ ठेवाव्यात आणि ३२ बाइट मागावेत. शा१ एका वेळी २० बाइटच देत असल्यामुळे आतमध्ये दोन खंड तयार होतात, म्हणजे एकूण ८१९२ वेळा एचमॅक चालते आणि मिळालेल्या ४० बाइटांपैकी शेवटचे ८ टाकून दिले जातात. हे सारे स्वतः लिहिण्यात शहाणपण नाही. पायथनच्या हॅशलिब या संग्रहात हे फंक्शन तयार आहे आणि लिनक्सवर वायफाय जोडून देणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रामसोबत येणारे छोटे साधन तेच काम करते. त्या साधनाच्या उत्तरात मूळ पासवर्डही टिप्पणीच्या ओळीत छापला जातो. फाइल साठवण्यापूर्वी ती ओळ काढून टाकावी.

आपला कोड बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मानकातीलच नमुना वापरावा. नेटवर्कचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत आयईईई आणि पासवर्ड म्हणून लहान रोमन अक्षरांत पासवर्ड हाच शब्द दिला, तर ६४ हेक्स (सोळा पायाच्या) अंकांची किल्ली एफ४२सी६एफसी५ ने सुरू होऊन ९७१०ए१२ई ने संपली पाहिजे. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंतच का, याचे उत्तरही येथेच मिळते: नेमकी ६४ हेक्स अक्षरे आली, तर ती तयार किल्ली आहे असे मानून सॉफ्टवेअरने पुढचे गणित टाळायचे असते.

नाव सॉल्टमध्ये जात असल्यामुळे राउटरचे नाव बदलले की पासवर्ड तोच असला तरी किल्ली बदलते. येथे देवनागरी नावे ठेवणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. नावाची मर्यादा ३२ बाइटांची आहे, अक्षरांची नाही, आणि यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा व हलन्तही त्यात आले. म्हणजे जेमतेम दहा चिन्हे मावतात. त्यातही ‘कऱ्हाड’ हे नाव स्वतंत्र ऱ वापरून लिहिले तर १८ बाइट होतात, आणि र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशा पद्धतीने लिहिले तर २१. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, किल्ल्या मात्र वेगळ्या निघतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण हा भेद मिटवत नाही. म्हणून नाव कोणाकडूनही टाइप करून घेऊ नये. स्कॅनमध्ये हवेतून आलेले बाइट जसेच्या तसे सॉल्ट म्हणून वापरावेत.

डब्ल्यूईपी या त्याहून जुन्या सुरक्षा पद्धतीत असे काही गणित नसते. ५ किंवा १३ अक्षरांचे बाइट हेक्समध्ये लिहिले की १० किंवा २६ अंकांची किल्ली मिळते. पण ती पद्धत २००१ मध्येच मोडली गेली असल्यामुळे नव्या सॉफ्टवेअरने तिच्यासाठी सोय करू नये, असे माझे मत आहे. उलट डब्ल्यूपीए३ च्या घरगुती प्रकाराला मूळ पासवर्डच लागतो, त्यामुळे केवळ ६४ अंक साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेथे जोडणी करता येत नाही.

आता सिग्नल. मिलिवॅटमधील शक्तीचा दहा पायाचा लॉगॅरिदम घेऊन त्याला १० ने गुणले की डीबीएम मिळते. १ मिलिवॅट म्हणजे ०, उणे ३० म्हणजे १ मायक्रोवॅट, उणे ६० म्हणजे १ नॅनोवॅट आणि उणे ९० म्हणजे १ पिकोवॅट. टक्क्यांसाठी विंडोज उणे १०० ला शून्य आणि उणे ५० ला शंभर मानते, त्यामुळे डीबीएममध्ये १०० मिळवून दुप्पट केली की काम भागते. अँड्रॉइडच्या जुन्या फंक्शनमध्ये हीच टोके उणे १०० आणि उणे ५५ होती, तर लिनक्सच्या जुन्या वायरलेस फाइलमध्ये डीबीएममध्ये ११० मिळवून ७० पैकी गुण दिले जातात. परिणामी उणे ६० डीबीएमचा एकच सिग्नल विंडोजवर ८०, अँड्रॉइडवर सुमारे ८९ आणि लिनक्सवर सुमारे ७१ टक्के ठरतो. दोन यंत्रांची टक्केवारी शेजारी ठेवून अँटेनाबद्दल निष्कर्ष काढणे म्हणूनच निरर्थक आहे. नोंदीत डीबीएमच ठेवावे, टक्के फक्त दाखवण्याच्या क्षणी काढावेत आणि ० ते १०० च्या बाहेर गेलेले उत्तर टोकाला थांबवावे.

पूर्णांकी भागाकारापासूनही सावध राहावे. अँड्रॉइड ४.० पूर्वीच्या त्या फंक्शनमध्ये ४५ ला (म्हणजे दोन टोकांमधील फरकाला) दाखवायच्या पायऱ्यांच्या संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येने भागले जाई. ४७ किंवा अधिक पायऱ्या मागितल्या की भागाकार शून्य येई आणि पुढे त्याच शून्याने भागताना प्रोग्राम कोसळे. गुणाकार आधी, भागाकार नंतर आणि तोही दशांशात, एवढे केले की हा धोका उरत नाही.

सरासरी काढताना हेतू पाहावा. उणे ४० आणि उणे ८० यांची साधी सरासरी उणे ६० येते. मिलिवॅटमध्ये नेऊन काढलेली खरी सरासरी शक्ती मात्र सुमारे उणे ४३ असते. शक्ती मोजायची असेल तर दुसरी पद्धत योग्य आहे. पडद्यावरच्या दांड्या सतत नाचू नयेत एवढेच हवे असेल, तर शेवटच्या काही नोंदींचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधली नोंद) पुरतो.

सिग्नलवरून अंतर सांगण्याचा मोह आवरावा. मोकळ्या जागेतील घट मीटरमधील अंतर आणि मेगाहर्ट्झमधील वारंवारता यांच्या लॉगॅरिदमांना प्रत्येकी २० ने गुणून, बेरजेतून २७.५५ वजा करून मिळते. चॅनेल ६ वर, म्हणजे २४३७ मेगाहर्ट्झला, १० मीटरवर ती सुमारे ६० डेसिबल येते, म्हणजे २० डीबीएमने पाठवलेला सिग्नल अँटेनाचा लाभ न धरता उणे ४० च्या आसपास पोहोचतो; चॅनेल ३६ वर, म्हणजे ५१८० मेगाहर्ट्झला, तितक्याच अंतराला आणखी साडेसहा डेसिबल जातात. घरात भिंती, कपाटे आणि माणसेही घट वाढवतात व परावर्तन ती कमी-जास्त करते, त्यामुळे हे सूत्र कमाल अपेक्षा तपासण्यापुरते वापरावे आणि पडद्यावर मीटर दाखवू नयेत.