भाला उचलला की खोगीर उजवीकडे घसरायचं: माझा अनुभव

साताऱ्याजवळ माहुलीच्या बाजूला आम्ही चार-पाच जण मराठा घोडदळाच्या पद्धतीने भालाफेकीचा नव्हे, घोड्यावरून भाला हातात धरून जमिनीत रोवलेली मेख उचलण्याचा सराव करतो. चालीत सगळं ठीक. दुडकीत उजव्या हातात भाला घेतला, की पन्नास पावलांत खोगीर उजवीकडे कलायचं.

आधी तंग, म्हणजे घोडीच्या पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा, कचकचीत आवळला. घोडी पोट फुगवायची, नंतर ढिला तो ढिलाच. मग खोगिराखाली दुसरा नमदा (जाड लोकरी घडी) घातला, तर घसरण वाढली. दोन महिने आणि एक मनगट गेलं.

खोट रिकिबीच्या, म्हणजे पाय ठेवायच्या कडीच्या, पट्ट्यात निघाली. रोज डावीकडून चढल्याने डावा पट्टा ताणून दोन बोटं लांबला होता. डाव्या पायाला आधार नाही, म्हणून सगळा भार उजवीकडे.

आता क्रम असा. दोन्ही पट्टे काढून शेजारी-शेजारी लटकवून मोजायचे, जादा भोक पाडून सारखे करायचे. नमदा एकच, मानेकडून मागे सरकवत बसवायचा, म्हणजे केस उलटे राहत नाहीत. पुढचा भाग खोगिराच्या पोकळीत वर ओढून ठेवायचा. तंग हलका लावून घोडी वीस-तीस पावलं चालवायची, पुढचे पाय एकेक करून पुढे ताणायचे, मग दोन भोकं आवळायची. चढताना ओट्यावरून. चढल्यावर पुन्हा एक भोक.

महिन्याने डावा-उजवा पट्टा अदलाबदल करतो. घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दारकाकांनी खोगीर पाहून म्हटलं, “तंगाला कशाला शिव्या देत होतास रे?”